कोणीतरी जाऊन बघायला हवं

"'कोणीतरी जाऊन बघायला हवं' असं तोंडातून काढू नये गं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "ते कोणीतरी नेहमी आपल्याच घरचं निघतं."

मी तेव्हा हसण्यावारी नेलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा लॅपटॉप होता, शेजारी भिंगरीची वाटी, आणि वाटीतलं उकडलेलं अंडं निम्मं तिच्या पोटात, निम्मं लॅपटॉपच्या बटणांत. अशा थाटात मी बाईंचं भाषण लिहीत होते आणि लिहिलेलं वाक्य मोठ्याने म्हणून बघत होते. सासूबाईंना वाटलं, गच्चीवरच्या टाकीबद्दल चाललंय.

"टाकी नाही हो आई, शस्त्रांच्या विक्रीचा करार."

"मग तर मुळीच म्हणू नकोस," त्या म्हणाल्या आणि अंडं पुसायला फडकं घेऊन आल्या.

बाई म्हणजे आमच्या भागाच्या खासदार. मी त्यांच्या कार्यालयात काम करते. त्या सभागृहात जे आयत्या वेळी सुचल्यासारखं बोलतात, ते मी दोन दिवस आधी लिहिलेलं असतं. भिंगरी म्हणजे माझी तीन वर्षांची मुलगी. एका जागी बसणं हा प्रकार तिला अजून कोणी नीट समजावून सांगितलेला नाही. तिचा बाप दुर्बिणींच्या कारखान्यात तपासनीस आहे. भिंगवाल्याची भिंगरी, असं सासूबाईंनीच ठेवलेलं नाव.

आणि मी काळजी करणारी आहे, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी आश्चर्य वाटून घेणार नाही. नवरा म्हणतो, "पोर झोपली असली तर तू नाकाखाली बोट धरून बघतेस, जागी असली तर कपाळाला हात लावून बघतेस, आणि दोन्ही ठीक असलं की 'इतकं ठीक कसं काय' म्हणून पुन्हा बघतेस." खोटं नाही त्यात काही.

तर तो करार. बऱ्याच देशांनी मिळून ठरवलेला. ज्याच्या हातात गेल्यावर शस्त्रं त्याच्याच गावांवर उलटतील असं दिसतंय, त्याला ती विकायची नाहीत, एवढी साधी गोष्ट. सही आमच्या सरकारने कधीच केली होती. सही करायला काय जातं, पेनही सरकारी आणि शाईही सरकारी. खरी ओढाताण होती ती पुढच्या कलमावर. विकलेला माल ज्याला विकला त्याच्याकडेच आहे, की मागच्या दाराने तिसऱ्याच्या हाती गेला, हे विकणाऱ्याने नंतर तिथे जाऊन बघायचं की नाही?

बाई म्हणत होत्या, बघायचं. सभागृहातले अर्धे सभासद म्हणत होते, नाही. त्या अर्ध्यांचे म्होरके एक वयस्क गृहस्थ होते. त्यांचं प्रत्येक वाक्य "मी सहमत आहे, पण" असं सुरू व्हायचं, म्हणून आमच्या कार्यालयात त्यांचं नाव पडलं होतं सहमतपण. माणूस गोड. वाद घालताना समोरच्याच्या पेल्यात पाणी ओतून देणारा.

"मी सहमत आहे, पण," ते म्हणाले, "मी तुम्हाला सायकल विकली, तर दर महिन्याला तुमच्या घरी येऊन चाक फिरवून बघू का?"

"सायकलीने गाव ओस पडत नाही," बाई म्हणाल्या.

"मी सहमत आहे, पण गिऱ्हाइकाच्या घरात नाक खुपसलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. आणि दुसरं दुकान आपल्या शेजाऱ्याचंच आहे. तो कुठे जाऊन बघणार आहे? तेवढ्याच बंदुका विकल्या जातील, फक्त आपल्या कारखान्यांना कुलूप लागेल."

बाईंच्या मागच्या खुर्चीवर बसून मी हे ऐकत होते, आणि हे मला लागलं, कारण आमच्या घरचा गॅस त्याच कारखान्यावर पेटतो. नवऱ्याच्या कारखान्यात तऱ्हेतऱ्हेच्या दुर्बिणी होतात. काही पक्षी बघणाऱ्यांसाठी, काही जहाजांसाठी, आणि मागच्या शेडमध्ये होतात त्या बंदुकीवर बसवायच्या. नवरा तिन्ही तपासतो. यंत्रात घालून हलवतो, तापवतो, गारठवतो, आणि मग डोळा लावून बघतो. मागच्या शेडबद्दल आम्ही घरी फार बोलत नाही. आहे म्हणजे आहे, मोरीतल्या भेगेसारखं.

बाईंनी बराच वेळ किल्ला लढवला. मग सहमतपणांनी शेवटचा हुकूम टाकला. "मी सहमत आहे, बघायला तर हवंच. पण जायला कशाला हवं? माल घेणाऱ्यानेच दर सहा महिन्यांनी मालाचे फोटो पाठवावेत. मोबाइल काय आज सगळ्यांच्याच खिशात आहे."

जेवणाची सुट्टी तोंडावर आली होती. भुकेल्या माणसांना सोपा तोडगा लगेच पटतो. मानाच माना डोलल्या. बाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे "यावर काय लिहिलंयस?" आणि मी यावर काहीच लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. पाळणाघरवाल्या ताईंचा रोजचा फोटो. भिंगरी बुटक्या खुर्चीवर बसलेली, हातात चमचा, गालाला केळं. खाली लिहिलेलं, "जेवतेय हं शहाण्यासारखी."

दुसरी कोणी आई असती तर गोड हसून फोन पर्समध्ये टाकला असता. मी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. भिंगरीच्या केसांत लाल बेडकाची क्लिप होती.

ती क्लिप रविवारी आमच्या न्हाणीघरातल्या जाळीतून खाली गेली होती. कपड्यांच्या हँगरचा आकडा करून मी स्वतः तासभर तिला शोधलं होतं आणि केसांच्या गुंतवळाखेरीज काही हाती लागलं नव्हतं. बेडूक गटारात, मग पोरीच्या डोक्यावर कुठून आला?

मी कशी पळाले ते विचारू नका. पाळणाघर दोन गल्ल्या सोडून आहे. वाटेत मनाने काय काय दाखवलं ते लिहीत नाही, वाचणाऱ्यांतही आया असतील. दार ढकललं तर आत सगळं शांत. पोरं गादीवर लोळत होती आणि टेबलाखालून गुरगुर ऐकू येत होती.

"ती अस्वल झालीय," ताई म्हणाल्या. "सकाळपासून बाहेर यायला तयार नाही. अस्वलं चमच्याने खात नाहीत म्हणे."

"मग हा फोटो?"

ताई लाजल्या. "अहो, मागच्या आठवड्यातला. ती जेवत नाही म्हटलं की तुम्ही लगेच फोन करता, मग पुन्हा करता, मग सासूबाईंना करायला लावता. म्हटलं उगाच तुमच्या जिवाला घोर नको. मी भरवणारच होते हो थोड्या वेळाने, गुहेत हात घालून."

रागावू की पाया पडू, कळेना. मी टेबलाखाली वाकले, अस्वलाच्या नाकाखाली बोट धरलं. अस्वल चावलं. जीव भांड्यात पडला.

परत येईपर्यंत सुट्टी संपत आली होती. व्हरांड्यात बाई दिसल्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं, माफी मागण्यासाठी. बाईंनी माफीबिफी ऐकलीच नाही. त्यांचे डोळे असे लकाकले, की मी ओळखलं, आता हे सभागृहात जाणार.

"माझ्या ओळखीच्या एका आईला," दुपारी बाई उभ्या राहिल्या, "आज जेवणाच्या वेळी एक फोटो आला." आणि क्लिप, हँगर, अस्वल, सगळं सांगितलं. सभागृह खदाखदा हसत होतं. मग बाईंचा आवाज खाली आला. "फोटोतली मुलगी जेवत होती. खरी मुलगी टेबलाखाली उपाशी होती. आणि लक्षात घ्या, यात कोणी दुष्ट नव्हतं. फक्त कोणालातरी चौकशीचा फोन नको होता. उद्या आपल्याला बंदुकांचे फोटो पाठवणाऱ्याला तर चौकशी नको असण्याची याहून पुष्कळ मोठी कारणं असतील. त्या आईला कसं कळलं? ती जाऊन बघून आली. सभापती महोदय, कोणीतरी जाऊन बघायला हवं."

थोडक्या मतांनी का होईना, कलम पार झालं. सहमतपणांनी हरल्यावर बाईंच्या पेल्यात पाणी ओतलं आणि मला म्हणाले, "ती आई तुम्हीच ना? तुमचे बूट मघाशी कोरडे होते, आता चिखलाचे आहेत." तेही बघणाऱ्यांतलेच निघाले.

मी घरी आले ती हवेत. सासूबाईंना सगळं रंगवून सांगितलं. त्या कपडे घड्या करत होत्या. "छान," म्हणाल्या, आणि मुलाच्या शर्टाची घडी जरा जास्तच वेळ दाबत राहिल्या.

काही दिवसांनी नवरा घरी आला तो शीळ घालत. पोरीला खांद्यावर घेतलं, स्वयंपाकघरात एक गिरकी मारली.

"ओळख कोणाला निवडलं!"

"कशासाठी?"

"तुझ्याच कलमासाठी. आमच्या दुर्बिणींचा मोठा माल वाळवंटापलीकडच्या देशात गेलाय. बघायला माणूस हवाय. अस्सल कुठली, नक्कल कुठली, नंबर घासलाय का, हे डोळा लावून सांगणारा. साहेब म्हणाले, तुझ्याशिवाय कोण?"

माझ्या हातातला डाव भांड्यात पडला. सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. तसं पाहण्यापेक्षा दोन शब्द बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

तो देश कसा होता, ते मला चांगलं ठाऊक होतं. त्याची सगळी माहिती मीच जमवून बाईंना दिली होती. भाषणातला "अत्यंत अस्थिर" हा शब्दही माझाच. आता तो शब्द माझ्या घरात पाय पसरून बसला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दार लावून घेतलं. "कारखानदारांचा अर्ज आलाय," त्या म्हणाल्या. "तयारी नाही म्हणतात, पहिलं वर्ष तरी फोटोंवर भागवू द्या. सहमतपण उद्या तो मांडतील. मी विरोध केला तर पडेल. मी गप्प बसले तर पास होईल." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचं नाव ऐकलं मी. हे बघ, मला कलम हवंय, पण तूही हवीस. उद्या मी काय बोलायचं ते तू लिही. लिहिशील ते वाचेन. कोरा कागद दिलास तर गप्प बसेन."

यापेक्षा त्यांनी हुकूम सोडला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी नवरा भिंगरीला अंघोळ घालत होता. मी न्हाणीघराच्या दारात उभी राहिले.

"तुला जायचंच आहे का रे?"

"मी आयुष्यभर दुर्बिणी तपासल्या," तो पोरीच्या डोक्यावर पाणी ओतत म्हणाला. "त्यांतून कोणी काय बघतं, ते कधी पाहिलं नाही. एकदा बघायचंय."

"तिथे लोक बंदुका घेऊन फिरतात."

"म्हणून तर जायचं. बाहुल्या विकल्या असत्या तर कोण गेलं असतं?"

"आणि काही झालं म्हणजे?"

"तर तू आहेसच की. नाकाखाली बोट धरायला." माझा चेहरा बघून तो हसायचा थांबला. "हे बघ. तुला वर्षभर फोटोंवर चालणार असेल, तर तसं लिही. पण मग उद्यापासून पाळणाघरातही फोटोवर विश्वास ठेवायचा. बेडूक दिसला तरी पळायचं नाही."

"बेडूक!" भिंगरी ओरडली आणि जाळीत बोट घातलं.

मी स्वयंपाकघरात येऊन कोऱ्या पानासमोर बसले. सासूबाई समोर बसून शेंगा सोलत होत्या. शेवटी मीच म्हटलं, "आई, तुम्ही म्हणाला होतात. मी ऐकलं नाही. आता सांगा. कोरा कागद देऊन टाकू?"

मला वाटलं, हो म्हणतील. आईच ती.

"आता कसलं कोरं," त्या म्हणाल्या. "म्हणून बसलीस ना? मग आता दुसऱ्याच्या मुलाला पाठवणार का? त्याच्याही घरी शेंगा सोलत कोणीतरी बसलेलीच असेल." एक शेंग किडकी निघाली, ती त्यांनी बाजूला टाकली. "फक्त त्याला एकट्याला पाठवू नकोस. लहानपणी कोपऱ्यावर पाव आणायला धाडला, तरी वाटेत मांजर दिसलं की तिथेच बसायचा. पाव घेऊन शेजारीण यायची."

मग मी लिहिलं. फोटो चालणार नाहीत, पहिल्या वर्षीही नाहीत. बघायला एकाने जायचं नाही, दोघांनी जायचं. आणि अगदी शेवटी लिहिलं: जाणाऱ्या प्रत्येकाने रोज संध्याकाळी आपल्या घरी, आपल्या आवाजात, फोन करावा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते जसंच्या तसं, न थांबता वाचलं. शेवटच्या ओळीला सभागृहात हशा पिकला. "जेवलास का, हेही विचारायचं का?" कोणीतरी मागून ओरडलं.

सहमतपण उठले. चष्मा काढला, पुसला, घातला. "मी सहमत आहे," ते म्हणाले.

सगळे 'पण'ची वाट बघत राहिले. ते खाली बसले.

अर्ज बारगळला. व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "माझी सून जकात खात्यात आहे," ते म्हणाले. "तिकडे बघायला जायला तिने स्वतःहून नाव दिलंय, आता दोघं जायची म्हटल्यावर तिचाच नंबर लागणार. मला काल रात्री जेवताना कळलं. फोनची ओळ तुम्ही घातलीत ना? चांगलं केलंत." मग जरा अवघडून, "तुमचा नंबर द्या बरं. दोघांपैकी एकाला जरी फोन आला, तरी दुसऱ्याला कळवता येईल."

दोघं गेली. निरोपाच्या वेळी विमानतळावर सहमतपण सुनेच्या पिशवीत पाण्याची बाटली कोंबत होते आणि ती म्हणत होती, "बाबा, तिकडे पाणी मिळतं हो." सासूबाईंनी मुलाला एवढंच बजावलं, "मांजर दिसलं तरी थांबायचं नाही."

पहिल्या काही संध्याकाळी फोन आले. नेमाने, ठरल्या वेळी. पेट्या उघडतायत, मोजतायत, गरम खूप आहे. एक गोदाम नीट, दुसरं नीट. तिसऱ्याची किल्ली सापडत नाहीये म्हणतात. परवाच्या फोनवर म्हणाला, एका पेटीचा पत्रा लागून अंगठा कापलाय, चांगली मोठी पट्टी बांधलीय, सहमतपणांच्या सूनबाई हसतायत, हा काय अंगठा आहे की पांढरा उंदीर. भिंगरीला उंदीर बघायचा होता. उद्या दाखवतो म्हणाला. तिसरं गोदाम उद्या उघडणार होते.

काल फोन आला नाही. फोटो आला. हसरा चेहरा, नाकावर घसरलेला चष्मा, हातात पेला, खाली लिहिलेलं: "फोन लागत नाहीये इथून. सगळं ठीक. काळजी करू नकोस."

मी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला.

पेला धरलेला उजवा हात. अंगठा स्वच्छ. पट्टी नाही, जखम नाही, काही नाही.

भिंगरीनेही बघितला. "उंदीर कुठेय?" म्हणाली.

मी सहमतपणांना फोन केला. त्यांनाही फोटोच आला होता. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "नेटवर्क नसेल. जुना फोटो हाताला लागला असेल, तुम्ही घाबरू नये म्हणून टाकला असेल." "हो," मी म्हटलं, "पाळणाघरातही तसंच झालं होतं. पोरगी बरीच होती." "बरीच होती," ते म्हणाले. "पण तुम्ही जाऊन बघितलंत." सरकारी खात्याला बाई सकाळपासून फोन करतायत. खात्याने उत्तर दिलंय, की तिकडून नुकतेच फोटो आलेत, सगळं ठीक दिसतंय.

म्हणून हे लिहितेय. तुमच्यापैकी कोणी वाळवंटापलीकडे कामाला असेल, किंवा तुमचा कोणी भाऊ, मामा, आतेभाऊ तिकडे ट्रक चालवत असेल, दवाखान्यात असेल, बांधकामावर असेल, तर शहराबाहेर तीन गोदामं आहेत रांगेत. त्यांतलं तिसरं. माणूस उंच आहे, जरा पोक काढून चालतो, मांजर दिसलं की थांबतो. सोबत केस बारीक कापलेल्या एक बाई आहेत, मोठ्याने हसतात. त्यांच्या सासऱ्यांनीही विचारलंय. अंगठ्याला पट्टी आहे का पाहा. जेवलाय का विचारा, तो जेवलो म्हणेल, त्यावर जाऊ नका. मुलगी उंदराची वाट बघतेय, असं सांगा. आणि मला तुमच्या आवाजात फोन करा, फोटो पाठवू नका.

कोणीतरी जाऊन बघायला हवं, असं मी आता म्हणत नाही. सासूबाईंनी बजावलंय. मी तुम्हालाच म्हणतेय. जरा जाऊन बघता का?